ज्याचा त्याचा शोध

केडीई प्लाझ्मा वापरणाऱ्याने ऑल्ट आणि स्पेस या कळा एकत्र दाबल्या की पडद्याच्या वरच्या कडेला एक अरुंद पट्टी उघडते. तिचे नाव केरनर. तिच्यात प्रोग्रॅमचे नाव लिहिले की प्रोग्रॅम सुरू करता येतो, गणित लिहिले की उत्तर मिळते, फाइलच्या नावातला एखादा शब्द लिहिला की फाइल हाती येते. ग्नोममध्ये सुपर कळ दाबून लगेच टाइप करू लागले की हेच काम होते. बघणाऱ्याला वाटते की शोध ही पट्टीच घेते आहे. प्रत्यक्षात ती स्वतः फारसे काही शोधत नाही. आपण लिहिलेले शब्द ती अनेक लहान लहान प्रोग्रॅमांकडे पाठवते, त्यांची उत्तरे गोळा करते, त्यांना क्रम लावते आणि आपल्यापुढे मांडते. केडीईमध्ये या लहान प्रोग्रॅमांना रनर म्हणतात, ग्नोममध्ये सर्च प्रोव्हायडर. गणित सोडवणारा वेगळा, फाइली धुंडाळणारा वेगळा, ब्राउझरमधले बुकमार्क बघणारा वेगळा.

त्या रांगेत आपला स्वतःचा एक प्रोग्रॅम कसा उभा करायचा, हे या पुस्तिकेत सांगितले आहे. तो सगळ्या संगणकासाठी करायचा नाही. फक्त आपल्या लॉगिनपुरता, सुडो न वापरता, रूटचा पासवर्ड न मागता, आपल्या होम फोल्डरच्या आत. ही अट मी मुद्दाम घातली आहे आणि पुस्तिकेतला जवळजवळ प्रत्येक निर्णय तिच्यातूनच निघाला आहे. लिनक्स शिकणाऱ्या कितीतरी मराठी मुलामुलींसमोरचा संगणक त्यांच्या मालकीचा नसतो. तो कॉलेजच्या प्रयोगशाळेतला असतो, कचेरीतला असतो, वाचनालयातला असतो. पासवर्ड दुसऱ्या कुणाकडे असतो आणि तो त्याने देऊ नये हेच बरोबर असते. पण पासवर्ड नाही म्हणून त्या मुलामुलींनी आपला शोध आपल्याला हवा तसा करून घेऊ नये, हे मला मान्य नाही. लिनक्सच्या रचनेलाही ते मान्य नाही, असे पुढे दिसेल.

स्वतःचा शोध कुणाला लागतो? फक्त इंग्रजीत लिहिणाऱ्याला कदाचित फारसा लागणार नाही. मराठीत लिहिणाऱ्याला लागतो.

'दुसऱ्या' हा रोजच्या लिहिण्यातला शब्द घ्या. त्यातला अर्धा र संगणकात दोन रीतींनी साठवलेला आढळतो. एका रीतीत खाली नुक्ता असलेले ऱ हे स्वतंत्र अक्षर येते, युनिकोडमधला त्याचा क्रमांक ०९३१, आणि त्यापुढे हलन्त आणि य. दुसऱ्या रीतीत साधा र, हलन्त, मग डोळ्यांना न दिसणारे झिरो विड्थ जॉइनर नावाचे चिन्ह आणि मग य. 'दुसऱ्या' आणि 'दुसर्‍या', पडद्यावर दोन्ही सारखेच. संगणकाच्या लेखी मात्र हे दोन वेगळे शब्द आहेत. एकच मजकूर निरनिराळ्या रीतींनी लिहिलेला असेल तर तो एका साच्यात आणण्यासाठी युनिकोडने नॉर्मलायझेशनचे नियम ठरवून दिले आहेत, पण ते नियम या दोन रूपांना एक मानत नाहीत. त्यामुळे सहकाऱ्याने एका कीबोर्डवर लिहिलेल्या टिपणातला 'दुसऱ्या' आपल्या कीबोर्डवरून शोधला तर सापडेलच असे नाही. 'ॲ'चेही तेच. हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ या आवृत्तीत आले. त्याआधी लोक अ लिहून त्यावर चंद्र देत, आणि पुष्कळ जण अजूनही देतात. 'ॲप' शोधणाऱ्याला 'अॅप' दिसत नाही.

हे झाले संकेतांचे. त्याखाली लेखनाचा इतिहास आहे. १९६२ साली मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम आले, उच्चारात नसलेले अनुस्वार गेले आणि शब्दाच्या शेवटचे इकार-उकार दीर्घ झाले. त्याआधीच्या छापील मजकुरात 'कांहीं' आहे, 'नांव' आहे, 'कवि' आहे. विकिस्रोतावर स्वयंसेवकांनी मेहनतीने टंकलेले जुने ग्रंथ उतरवून घ्या आणि त्यांत 'काही' शोधा, जुन्या वळणाने लिहिलेले सगळे निसटेल. त्याच्याही खाली व्याकरण आहे. 'पाणी' हा शब्द वाक्यात 'पाण्याने', 'पाण्यात' होतो आणि 'मूल' शब्द 'मुलांना' होताना ऊकार ऱ्हस्व करून घेतो. शब्दाच्या सुरुवातीची अक्षरे जुळवणारा साधा शोध 'घर' लिहिल्यावर 'घरात' दाखवतो, पण 'मूल' लिहिल्यावर 'मुलांना' दाखवत नाही. श्रीलिपी किंवा कृतिदेव यांच्या जुन्या फॉन्टांत लिहिलेल्या फाइलींचा प्रश्न याहून निराळा आहे. त्या आधी युनिकोडमध्ये आणाव्या लागतात आणि ते काम या पुस्तिकेच्या कक्षेबाहेरचे आहे.

यावर उपाय म्हणून डेस्कटॉप बनवणाऱ्यांनीच मराठीचे सगळे नियम आपल्या शोधात घालावेत, असे कुणी म्हणेल. मला तो उपाय पुरेसा वाटत नाही. जुन्या ग्रंथांवर काम करणाऱ्या अभ्यासकाला अनुस्वार आणि ऱ्हस्व-दीर्घ बाजूला ठेवणारा शोध हवा असतो. त्याच्याच शेजारी बसून मुद्रिते तपासणाऱ्याला असा शोध घातक ठरेल. 'दिन' आणि 'दीन', 'शिर' आणि 'शीर', 'सुत' आणि 'सूत' यांतला फरक पाहणे हेच त्याचे काम आहे. दोघांची भाषा एक, कचेरी एक, कदाचित संगणकही एकच. शोध मात्र प्रत्येकाचा वेगळा असायला हवा. म्हणून तो संगणकभर बसवण्याची वस्तू नाही, ज्याच्या त्याच्या खात्यात बसवण्याची आहे. 'फक्त आपल्यापुरता' ही अट मी अडचणीमुळे घातली असे सुरुवातीला वाटले असेल. पासवर्ड हातात असता तरी मी तीच घातली असती.

आता रचना. युनिक्स एकाच यंत्रावर अनेक माणसांनी काम करावे म्हणून वाढले आणि लिनक्सने ती विभागणी जशीच्या तशी घेतली. 'यूएसआर' या फोल्डराखाली सर्वांसाठीचे प्रोग्रॅम, तिथे लिहिण्याचा अधिकार रूटला. 'होम'खाली प्रत्येकाचे आपले घर, तिथे त्याचा अधिकार. पण पूर्वी घरात काय कुठे ठेवायचे याला धरबंद नव्हता. प्रत्येक प्रोग्रॅम आपापली छुपी फाइल वाटेल तिथे टाकत असे. २००० साली हॅवॉक पेनिंग्टन यांनी सुरू केलेल्या फ्रीडेस्कटॉप या प्रकल्पातून निरनिराळ्या डेस्कटॉपांसाठी समाईक संकेत ठरू लागले आणि २००३ साली फोल्डरांच्या जागांचा संकेत आला. त्यानुसार 'यूएसआर शेअर'मध्ये जे सर्वांसाठी असते त्याचे वैयक्तिक रूप होम फोल्डरातल्या '.लोकल' या छुप्या फोल्डरात, त्यातल्या 'शेअर'मध्ये असते. प्रोग्रॅमने आधी घरात पाहायचे, मग बाहेर. दोन्हीकडे एकाच नावाची फाइल असेल तर घरातली मानायची. कागदावर हा संकेत अगदी साधा आहे. वापरणाऱ्याला आपल्या संगणकावर जे स्वातंत्र्य मिळते त्यातले निम्म्याहून अधिक या एका क्रमातून मिळते, असे माझे मत आहे.

दुसरा आधार डी-बस. एक प्रोग्रॅम दुसऱ्या प्रोग्रॅमला निरोप पाठवतो तो मार्ग म्हणजे डी-बस; त्याची पहिली पूर्ण आवृत्ती २००६ सालची. यंत्राच्या कामांसाठी एक सिस्टिम बस असते आणि लॉगिन केलेल्या माणसासाठी वेगळी सेशन बस असते. शोधाची सगळी ये-जा सेशन बसवरून होते, म्हणूनच तिच्यात सामील व्हायला रूटची परवानगी लागत नाही. शिवाय आपला प्रोग्रॅम कायम चालू ठेवावा लागत नाही. त्याचे नाव आणि तो कुठे आहे हे सांगणारी एक सर्व्हिस फाइल ठेवली की पहिली विचारणा येताच डी-बस त्याला उठवते.

केरनरच्या बाबतीत एवढ्यावर काम जवळजवळ संपते. तीन फाइली लागतात. पहिली आपला प्रोग्रॅम. या पुस्तिकेत तो पायथनमध्ये लिहिला आहे आणि होम फोल्डरात कुठेही ठेवता येतो. दुसरी डेस्कटॉप फाइल, जी केरनरला सांगते की अमुक नावाचा रनर डी-बसवर अमुक पत्त्यावर भेटेल, ती '.लोकल', 'शेअर', 'केरनर' आणि त्यातल्या 'डीबसप्लगइन्स' या फोल्डरात जाते. प्लाझ्मा ५च्या जुन्या आवृत्त्यांत ही जागा निराळी होती, त्यामुळे इंटरनेटवरच्या जुन्या सूचना वाचून फाइल ठेवली तर ती कुणी वाचतच नाही आणि चूक झाल्याची खूणही कुठे दिसत नाही. तिसरी वर सांगितलेली सर्व्हिस फाइल. तिच्यात प्रोग्रॅमचा पत्ता मुळापासून पूर्ण लिहावा लागतो. टर्मिनलमध्ये होम फोल्डरासाठी आपण लाटेसारखी खूण लिहितो ती इथे चालत नाही, कारण ही ओळ शेलकडे जात नाही. म्हणून फाइली जागच्या जागी ठेवणारी छोटी स्क्रिप्ट तो पत्ता बसवण्याच्या वेळी तयार करून लिहिते. नंतर कुणी फोल्डर हलवले की रनर मुका होतो. काही ठिकाणी व्यवस्थापक होम फोल्डरातल्या फाइली थेट चालवायला बंदी घालतात. तिथे सर्व्हिस फाइलमध्ये आधी पायथनचा पत्ता आणि मग आपल्या फाइलचा पत्ता लिहावा.

केरनर रनरला मुख्यतः दोनच गोष्टी सांगतो: हे शब्द आहेत, जुळणारे दे, आणि वापरणाऱ्याने हे उत्तर निवडले आहे, आता ते उघड. प्रत्येक उत्तराबरोबर रनर ० ते १ यांमधला एक आकडा देतो, हे उत्तर किती जवळचे आहे ते सांगणारा. मराठी शोधाचा खरा आनंद मला या आकड्यात वाटतो. 'कवी' शोधल्यावर तंतोतंत 'कवी' असलेल्या टिपणाला १ द्या, जुन्या वळणाच्या 'कवि'ला थोडे कमी, आणि सामान्यरूपातून सापडलेल्याला त्याहून कमी. कुठलेही उत्तर गाळावे लागत नाही आणि कुठलेही उगाच वर येत नाही. डेस्कटॉप फाइलमध्ये किमान किती अक्षरे झाल्यावर रनरला विचारावे हेही लिहिता येते. तिथे एक सावधगिरी हवी: ही मोजणी आपल्या डोळ्यांना दिसणाऱ्या अक्षरांची नसते. 'स्त्री' आपल्याला एक अक्षर दिसते, संगणक तिथे सहा मोजतो. इंग्रजीच्या हिशेबाने ३ हा आकडा ठेवला तर 'स्त्री' सहज पार होते आणि 'की' अडकते.

सी प्लस प्लसमध्ये लिहिलेले रनरही असतात आणि ते जास्त वेगवान असतात. मी त्यांचा मार्ग टाळला आहे. ते केरनरच्याच पोटात चालतात, त्यामुळे त्यांच्यातली चूक केरनरला बंद पाडू शकते. शिवाय प्लाझ्माची मोठी आवृत्ती बदलली की ते नव्याने तयार करावे लागतात. फेब्रुवारी २०२४मध्ये प्लाझ्मा ६ आले तेव्हा असे पुष्कळ रनर मागे पडले. डी-बसवरचा रनर वेगळा प्रोग्रॅम म्हणून जगतो.

ग्नोमची कथा थोडी निराळी आहे आणि तिच्याबद्दल माझी तक्रार आहे. तिथेही डेस्कटॉप फाइल घरातून वाचली जाते, सर्व्हिस फाइल घरातून वाचली जाते. पण शोध देणाऱ्याची नोंद जिच्यात असते ती चार-पाच ओळींची फाइल ग्नोम शेल फक्त संगणकभरच्या फोल्डरांत पाहते, वापरणाऱ्याच्या '.लोकल'मध्ये पाहत नाही. तीन फाइलींपैकी दोन घरात चालतात आणि तिसरीसाठी रूटच्या दारी जावे लागते. या गोष्टीने कितीतरी नवख्यांचा उत्साह मोडलेला मी पाहिला आहे, कारण सगळे बरोबर लिहूनही काहीच घडत नाही. वाटा आहेत. संगणकभरच्या फोल्डरांची यादी एका एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबलमध्ये असते, आणि ती आपल्या लॉगिनपुरती वाढवून तिच्यात आपले एक फोल्डर घालता येते. मात्र मूळची फोल्डरे यादीत राखलीच पाहिजेत, नाहीतर पुढच्या लॉगिनला मेन्यूतले प्रोग्रॅम गायब झालेले दिसतील. दुसरी वाट ग्नोम शेलचे एक्स्टेन्शन लिहून त्यातून शोध पुरवण्याची. एक्स्टेन्शने घरातूनच वाचली जातात. पण ती शेलच्या आतल्या रचनेला बांधलेली असतात, आणि सप्टेंबर २०२३मधल्या ग्नोम ४५ने ती रचना अशी बदलली की आधीची एक्स्टेन्शने सुधारल्याशिवाय चालेनात. फ्लॅटपॅकने वैयक्तिक खात्यात बसवलेल्या प्रोग्रॅमांचा शोध मात्र चालतो, कारण फ्लॅटपॅक आपले घरातले फोल्डर त्या यादीत आधीच घालून ठेवते. मी पहिली वाट सुचवली आहे. ती एकदा नीट केली की वर्षानुवर्षे चालते.

ग्नोमच्या आखणीतली एक गोष्ट मराठी रनर लिहिणाऱ्याने लक्षात ठेवावी. टाइप करता करता शब्द वाढत गेला तर ग्नोम पुन्हा सगळा शोध मागत नाही. मागच्या उत्तरांची यादी देऊन तिच्यातूनच चाळायला सांगते. शब्द लांबला की उत्तरे कमीच होतील, हे त्यामागचे गृहीत. आपण सामान्यरूपावरून मूळ शब्दाकडे जात असू तर ते टिकत नाही. 'मुला' एवढ्यावर काहीच ओळखू न आलेला प्रोग्रॅम 'मुलांना' पूर्ण झाल्यावर 'मूल'पाशी पोचतो आणि नवी उत्तरे आणतो. तेव्हा दिलेली यादी बाजूला ठेवून शोध पहिल्यापासून घ्यावा. वैयक्तिक टिपणांच्या आकाराला त्याने काही फरक पडत नाही.

शोध देणारा प्रत्येक प्रोग्रॅम आपण पट्टीत लिहिलेले सगळे वाचतो. निवडलेला शब्दच नव्हे, अर्धवट लिहून खोडलेलासुद्धा. ऑक्टोबर २०१२मध्ये उबुंटूच्या १२.१० आवृत्तीने युनिटी या आपल्या डेस्कटॉपच्या शोधात ॲमेझॉनवरच्या वस्तू दाखवायला सुरुवात केली, तेव्हा आपल्याच फाइली शोधणाऱ्यांचे शब्द इंटरनेटवर जाऊ लागले. इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनने आणि रिचर्ड स्टॉलमन यांनी त्यावर कडक टीका केली. २०१६च्या १६.०४ आवृत्तीत ही सोय मुळात बंद ठेवण्यात आली. फ्लॅटपॅकमधून आलेला शोध सुरुवातीला बंदच असतो आणि वापरणाऱ्याला तो सेटिंगमध्ये जाऊन चालू करावा लागतो, ही पद्धत मला योग्य वाटते.

रूट लागत नाही म्हणून धोका नाही, असेही कुणी समजू नये. आपल्या खात्यात चालणारा प्रोग्रॅम आपल्या खात्यातले सर्व काही वाचू शकतो आणि पुसू शकतो, आणि माणसाला जपावेसे वाटते ते सगळे त्याच्या खात्यातच असते. मार्च २०२४मध्ये केडीईच्या स्टोअरवरून उतरवलेल्या एका बाहेरच्या थीममधल्या सदोष आज्ञेने एका वापरणाऱ्याच्या फाइली पुसून टाकल्या. थीममध्ये नुसते रंग आणि चित्रे असतात असे लोक धरून चालले होते. केरनरच्या सेटिंगमधूनही स्टोअरवरचे प्लगइन एका क्लिकने उतरवता येतात. ते उतरवण्याआधी त्यांची बसवण्याची स्क्रिप्ट वाचावी. ती बहुधा दहा-पंधरा ओळींची असते. या पुस्तिकेतली स्क्रिप्टही तशीच ओळ न ओळ वाचून मगच चालवावी, म्हणून तिच्यातली प्रत्येक ओळ मी शेजारी मराठीत समजावली आहे. काढून टाकण्याची स्क्रिप्ट बसवण्याच्या स्क्रिप्टच्या आधी दिली आहे, तीही जाणूनबुजून.

वाचकाला पायथनची तोंडओळख आणि टर्मिनलची भीती नसणे एवढे पुरे. डी-बस आणि जीलिब यांच्याशी बोलणारी पायथनची दोन पॅकेजे लागतात. पुष्कळ वितरणांत ती आधीच असतात. नसली तर तेवढ्यापुरती व्यवस्थापकाला विनंती करावी, कारण ती घरात तयार करण्याचा खटाटोप नवख्याला झेपणारा नाही.

सोबतचा रनर अर्ध्या र-ची दोन्ही रूपे, 'ॲ'ची दोन्ही रूपे, जुने अनुस्वार आणि ऱ्हस्व-दीर्घ एवढे सांभाळतो. सामान्यरूपांचे थोडेच प्रकार त्याला कळतात: 'पाणी'सारखे ईकारान्त आणि 'मूल', 'फूल' यांसारखे शब्द. 'भाऊ'चे 'भावाला' आणि 'सासू'चे 'सासूला' हा भेद त्याला अजून करता येत नाही. कोकणीच्या किंवा अहिराणीच्या लेखनाचे तर त्याला काहीच माहीत नाही. म्हणून हे नियम प्रोग्रॅममध्ये न मिसळता वेगळ्या साध्या मजकूर-फाइलीत ठेवले आहेत, एका ओळीवर एक नियम. पायथन न येणाऱ्या भाषाशिक्षकाला ती फाइल कुठल्याही एडिटरमध्ये उघडून त्यात आपल्या ओळी घालता येतील. प्रोग्रॅम पुढच्या शोधाच्या वेळी ती फाइल पुन्हा वाचतो, संगणक किंवा डेस्कटॉप काहीही नव्याने सुरू करावे लागत नाही.